पर्यावरणाचा ऱ्हास आणि वंचितांच्या वस्त्या

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून आपले अनेक मोर्चे विभागीय आयुक्त कार्यालयाकडे निघतात. जमीन, शिष्यवृत्ती, अत्याचार हे प्रश्न आपण तिथे मांडतो. पाणी आणि कचरा मात्र ‘नागरी सुविधा’ म्हणून बाजूला राहतात. वास्तविक तेही सामाजिक न्यायाचेच प्रश्न आहेत.

कचरा : शहराचा कचरा सुमारे तीन दशके नारेगावला टाकला जात होता. कुजणाऱ्या कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते आणि विहिरी नासवते. त्यात तयार होणारा मिथेन वायू पेटला की धूर जवळच्या घरांत शिरतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये परिसरातील गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. रोजचा सुमारे ४५० टन कचरा शहरातच साचू लागला, तेव्हा त्याला ‘कचराकोंडी’ हे नाव मिळाले. मार्चमध्ये मिटमिट्यात याच कारणावरून हिंसाचार झाला. गावाने तीस वर्षे सोसले ते संकट ठरले नाही. शहराच्या नाकाशी आले तेव्हा ठरले. हा कचरा हाताने वेचणाऱ्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, हेही विसरता येणार नाही.

पाणी : शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येते, पण नळाला ते वर्षानुवर्षे काही दिवसांच्या खंडाने येत आले आहे. ज्याच्याकडे हौद, बोअर आणि टँकरचे पैसे आहेत, त्याला हा खंड फारसा जाणवत नाही. एका खोलीच्या घरात मात्र पाणी ड्रममध्ये साठवावे लागते, त्यात डेंग्यूचे डास वाढतात. पाण्याच्या दिवशी घरी थांबावे, तर रोजंदारी बुडते.

हक्क : १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-अ आणून पर्यावरणरक्षण ही राज्याची जबाबदारी ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा अनुच्छेद २१ नुसार जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा प्रश्न समतेचा प्रश्न म्हणून मांडला. आज तळ्यावर पहारा नाही. पण कोणाच्या नळाला किती दिवसांनी पाणी येते आणि कोणाच्या दारात कचरा पडतो, यातून विषमता दिसते. म्हणून वॉर्डनिहाय पाण्याचे वेळापत्रक, कचरावेचकांना ओळखपत्र, हातमोजे व आरोग्य तपासणी या मागण्या आपल्या निवेदनांत पहिल्या पानावर असायला हव्यात.