लग्नगांठ आणि राष्ट्रीयत्व

वर्धा आणि वैनगंगा ह्या दोन नद्या एकत्र होऊन जी प्राणहिता बनते, ती चांद्याच्या दक्षिणेकडील रानांच्या कडेनें वाहत जाऊन सिरोंचापाशीं गोदावरीस मिळते. इंग्रजी अमदानींत ह्या नदीच्या एका तीरावर मध्यप्रांत व दुसऱ्या तीरावर निजामाचें राज्य होतें. सिरोंचाचा मुलूख १८६० च्या तहानें निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १८७४ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. कायद्याच्या काटेकोर भाषेंत पैलतीरचा मनुष्य इंग्रजांचा प्रजाजन नव्हता. तरीही नावेंतून नदी ओलांडून सासरीं येणाऱ्या नवरीला कोणी परवाना विचारीत नसे. गोंड समाजांत सोयरीक जुळवितांना पाहावयाचें तें एवढेंच, कीं कोण किती देवांचा. चार देवांचे घराणें चार देवांच्या घराण्याशीं लग्नसंबंध करीत नाहीं. राज्याची हद्द ह्या हिशेबांत कोठेंच येत नसे.

समुद्र ओलांडून जुळणाऱ्या विवाहांची गोष्ट मात्र निराळी होती. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील बहुतेक राष्ट्रांनीं एक सोपें तत्त्व मान्य केलें होतें, तें म्हणजे जो देश पतीचा तोच पत्नीचा. इंग्लंडनें हें तत्त्व १८७० सालीं पूर्णत्वानें स्वीकारलें आणि १९१४ च्या कायद्यांत कायम ठेवलें. परकीयाशीं लग्न करणारी इंग्रज स्त्री त्याच क्षणीं परकी होई, आणि ब्रिटिश प्रजाजनाशीं लग्न करणारी परकी स्त्री त्याच क्षणीं ब्रिटिश होई. तिची इच्छा विचारण्याची तरतूद नव्हती. ह्या तत्त्वाचा खरा अर्थ काय होता, हें मराठी घराण्यांशीं निगडित अशा तीन विवाहांवरून चांगलें समजतें.

पहिला विवाह १९२८ सालचा. गादीचा त्याग केलेले इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर ह्यांनीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरच्या नॅन्सी अ‍ॅन मिलर ह्या युवतीशीं १७ मार्च रोजीं बडवाह येथें विवाह केला. वधूनें हिंदु धर्माची दीक्षा घेतली व तिचें नांव शर्मिष्ठादेवी ठेवण्यांत आलें. त्या वेळचा वाद सगळा धर्मांतराविषयीं झाला. राष्ट्रीयत्वाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. वास्तविक अमेरिकेच्या १९२२ च्या कायद्याप्रमाणें, ज्याला अमेरिकेचें नागरिकत्व मिळूं शकत नाहीं अशा परक्याशीं लग्न करणारी स्त्री आपलें नागरिकत्व गमावीत असे. आणि १९२३ सालीं भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें होतें, कीं हिंदी मनुष्य ‘गोरा’ नव्हे, म्हणून तो नागरिक होण्यास पात्र नाहीं. हे दोन निर्बंध एकत्र ठेवले म्हणजे निष्कर्ष उघड होतो. हिंदी वराच्या गळ्यांत माळ घालणारी अमेरिकन वधू त्याच माळेनें आपल्या देशास मुकत असे. तो नियम १९३१ सालीं रद्द झाला.

दुसरा विवाह १९३२ सालचा. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथें जन्मलेल्या ईव्ह इव्होन माडे ह्यांचे वडील हंगेरियन व आई रशियन. त्यांनीं विक्रम खानोलकर ह्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशीं लग्न केलें आणि सावित्री हें नांव घेतलें. ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ती ब्रिटिश, हाच येथेंही नियम, म्हणून जें एका वधूच्या हातून गेलें तें दुसरीला अर्जावांचून मिळालें. परमवीरचक्राची आकृति पुढें ह्याच सावित्रीबाईंनीं सिद्ध केली.

तिसरा विवाह सर्वांत विलक्षण. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे चांद्याच्या शेजारच्या वर्ध्याचे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तरुणपणींच ते देशाबाहेर पडले. अमेरिकेंत त्यांनीं शेतीशास्त्राचा अभ्यास केला, गदर चळवळींत ते शिरले, आणि पहिल्या महायुद्धांत इराणच्या बाजूनें इंग्रजांविरुद्ध लढण्यास गेले. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोंत पोंचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते अध्यापक झाले. मक्याच्या वाणांवरील त्यांच्या संशोधनामुळें त्यांचा लौकिक वाढला, आणि प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा ह्यांनीं मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवरील चित्रांत त्यांना स्थान दिलें. १९३६ सालीं त्यांनीं जीन सिंदिक ह्या बेल्जियन स्त्रीशीं विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या.

आतां पत्नीनें पतीच्या देशाची व्हावें, असें शास्त्र म्हणत होतें. पण येथें पतीलाच देशाचें दार बंद होतें. इंग्रज सरकारच्या काळ्या यादींत त्यांचें नांव होतें. १९४७ सालीं राज्य गेलें, तरी ती यादी दप्तरांत तशीच राहिली. मध्यप्रांताच्या सरकारनें शेतीसुधारणेच्या सल्ल्यासाठीं १९४९ सालीं त्यांना बोलाविलें, तेव्हां त्याच जुन्या नोंदीमुळें व्हिसाचा अर्ज आधीं नाकारला गेला! ज्या स्वातंत्र्यासाठीं त्यांनीं घर सोडलें, त्याच स्वतंत्र देशांत शिरण्यास त्यांना परवान्याची वाट पाहावी लागली. पुढें तो नकार मागें घेण्यांत आला. उत्तरायुष्य त्यांनीं सहकुटुंब नागपुरांत काढलें व २२ जानेवारी १९६७ रोजीं तेथेंच देह ठेवला.

स्वतंत्र भारतानें १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यांत जुनें तत्त्व अर्धें सोडलें. भारतीय स्त्री परकीयाशीं विवाह करूनही भारतीय राहिली. परकी पत्नी आपोआप भारतीय होईना, तिला अर्ज करून नोंदणी करून घ्यावी लागे. ही सवलत मात्र फक्त स्त्रियांनाच होती. भारतीय स्त्रीच्या परकी पतीस ती १९८६ सालच्या दुरुस्तीपर्यंत मिळाली नाहीं. आज पति व पत्नी ह्यांत भेद नाहीं, परंतु त्यासाठीं भारतांत सात वर्षांचें वास्तव्य दाखवावें लागतें. तोंवर प्रवेशाचा व्हिसा घ्यावा व त्याची मुदत वाढवून घेत जावें, किंवा नोंदलेल्या विवाहास दोन वर्षें झाल्यावर बहुतेक परदेशीयांना ‘ओसीआय’ची नोंद मागतां येते. चंद्रपूर वा गडचिरोलीच्या कुटुंबांत अशी सून किंवा असा जावई आला आणि मुक्काम लांबणार असला, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे परदेशीय म्हणून त्याची नोंद होते. विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें होणार असेल तर तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि दोघांपैकीं एकानें त्या जिल्ह्यांत आधीं तीस दिवस राहिलेलें असावें लागतें.

ह्या दीर्घ कागदपत्रांचा कंटाळा कोणासही येईल. लग्न लागलें तरी संसार सुरू होण्यास कचेरीच्या उत्तराची वाट पाहावी लागते, हें दुःख खरें आहे. परंतु अर्ज लिहिणाऱ्या स्त्रीला आज स्वतःचा देश आहे. तो राखावा कीं सोडावा, हें ती स्वतः ठरविते. १९२८ सालीं बडवाहच्या मांडवांत बसलेल्या वधूस हें स्वातंत्र्य नव्हतें. उरतो तो खानखोज्यांचा धडा, कीं नियम बदलले तरी जुन्या यादीवरची एखादी ओळ पुसावयाची राहून जाते, आणि तिचा भार एखाद्या कुटुंबास वर्षानुवर्षें वाहावा लागतो. परवाना देणाऱ्या हातानें दप्तर उघडतांना ही आठवण ठेवणें अगत्याचें आहे.