बीजिंग येथील आकाशवेदी : प्रतीक आणि कालक्रम

चिनी सम्राटांच्या उपासनास्थानांपैकी बीजिंगमधील ‘तिआन्-तान्’ हे सर्वांत प्रसिद्ध होय. ‘स्वर्गमंदिर’ हे त्याचे रूढ भाषांतर मात्र दोन्ही पदांविषयी गैरसमज उत्पन्न करते. ‘तिआन्’ म्हणजे देवांचे सुखधाम नव्हे, तर राजसत्तेला मान्यता देणारी सर्वोच्च शक्ती या अर्थी आकाश. आणि ‘तान्’ म्हणजे मंदिर नव्हे, तर वेदी. येथील मुख्य विधी मूर्तीपुढे नव्हे, तर उघड्या आकाशाखाली होत असे. वर्षातील सर्वांत लहान दिवशी स्वतः सम्राट तो करीत असे.

आकाश वर्तुळाकार व पृथ्वी चौकोनी, ही चिनी कल्पना प्राचीन आहे. त्यामुळे ही वास्तूही प्रारंभापासून त्याच कल्पनेस अनुसरून असावी, असा समज होतो. कालक्रम पाहता तो टिकत नाही. मिंग सम्राट युंग-लो याच्या काळी, इ. स. १४२० मध्ये, येथे आकाश व पृथ्वी यांची उपासना एकत्रच होई आणि तेथील सभागृह आयताकृती होते. १५३० मध्ये चिआ-चिंग सम्राटाने दोन्ही उपासना विभक्त केल्या. आकाशासाठी गोल वेदी येथे बांधली गेली. पृथ्वीसाठी चौरस वेदी नगराच्या उत्तरेस. १५४५ मध्ये जुन्या सभागृहाच्या जागी तीन छपरांचे गोल सभागृह उभे राहिले. त्याची निळी, पिवळी व हिरवी कौले अनुक्रमे आकाश, पृथ्वी व सृष्टीतील पदार्थमात्र यांची द्योतक मानली जात. पृथ्वीची ही उरलेली खूणही पुढे नाहीशी झाली. १७५१ मध्ये छिएन-लुंग सम्राटाने तिन्ही छपरे निळी करविली. तत्पूर्वी, १७४९ मध्ये, त्याने वेदीचा विस्तार केला होता. तिच्या वरच्या स्तरावर मधल्या गोल शिळेभोवती फरसबंदीची नऊ वलये असून पहिल्यात ९, तर शेवटच्यात ८१ शिळा आहेत. नऊ हा विषम अंकांतील सर्वांत मोठा, म्हणून आकाशाचा व सम्राटाचा अंक होय.

१८८९ मध्ये वीज पडून सभागृह जळाले. आज दिसते ते १८९६ मध्ये पूर्ण झालेले होय. राजसत्ता संपल्यावरही, १९१४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष युआन् शिह्-काई याने येथे हा विधी केला आणि पुढील वर्षी स्वतःस सम्राट घोषित केले. ती राजवट काही महिनेच टिकली. १९१८ मध्ये हे स्थान सार्वजनिक उद्यान झाले.

तात्पर्य, येथील प्रतीके प्राचीन असली तरी त्यांची योजना प्राचीन नाही. सत्तेला आकाशाची मान्यता आहे हे दाखविण्याची गरज ज्या ज्या राज्यकर्त्यास भासली, त्याने त्यांची मांडणी नव्याने केली.