शीतपेयांचे आकारमान, सोय आणि किंमत : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : अर्धापूर व ग्रामीण मराठवाडा)

प्रस्तावना :
नांदेड-हिंगोली मार्गावरील अर्धापूर हे केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव आहे. रस्त्यावरच्या अशा गावात शीतपेयाचे ग्राहक प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. बाजाराला आलेला शेतकरी वा मजूर दुकानासमोर उभा राहून पेय पितो. प्रवाशाला मात्र बाटली सोबत न्यावयाची असते. दोघांच्या बाटलीतील द्रव एकच असला तरी त्यांना पडणारी किंमत एक नसते. हा फरक कसा निर्माण झाला आणि त्याचा भार कोणी उचलला, याचा ऐतिहासिक दृष्टिकोनातून शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
किंमत स्थिर ठेवून आकारमानावर स्पर्धा करण्याची पद्धत मूळची अमेरिकेतील आहे. कोका-कोलाची साडेसहा औंसांची बाटली अनेक दशके पाच सेंटलाच विकली जात होती. १९३० च्या दशकातील मंदीत पेप्सीने त्याच पाच सेंटला बारा औंस देऊ केले. नाणे तेच राहिले, माप मात्र जवळपास दुप्पट झाले. कोका-कोलाने मोठ्या बाटल्या बाजारात आणल्या त्या १९५५ मध्ये.

भारतात १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील अटींमुळे कोका-कोलाने १९७७ मध्ये काढता पाय घेतला. त्यानंतर पार्लेच्या थम्स अप, लिम्का व गोल्ड स्पॉट या पेयांनी बाजार व्यापला. १९९० मध्ये पेप्सी आली तेव्हा तिच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीसमोर थम्स अपने ३०० मिलिलिटरची 'महा कोला' उभी केली. १९९३ मध्ये कोका-कोलाने पुनरागमन केले व पार्लेची ही पेये विकत घेतली. या संपूर्ण काळात ग्रामीण भागात परतीची काचेची बाटली हेच विक्रीचे मुख्य साधन होते.

पाच रुपयांची बाटली :
या शतकाच्या प्रारंभी ३०० मिलिलिटरची बाटली साधारणतः आठ ते दहा रुपयांना मिळत असे. शेतमजुराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती, कारण त्याची तुलना चहाच्या कपाशी होत असे. २००३ च्या सुमारास कोका-कोलाने २०० मिलिलिटरची परतीची बाटली पाच रुपयांना आणून ग्रामीण बाजारावर लक्ष केंद्रित केले.

या किमतीचे गणित उद्बोधक आहे. मोठ्या बाटलीत प्रति मिलिलिटर सुमारे २.७ ते ३.३ पैसे पडत होते, तर लहान बाटलीत २.५ पैसे. मोठे वेष्टन घेतल्यास दर कमी पडतो, हा अर्थशास्त्रातील सर्वसाधारण नियम येथे उलटा झालेला दिसतो. याचे एक कारण म्हणजे ही किंमत खर्चाच्या हिशेबापेक्षा ग्राहकाच्या खिशातील नाण्यावरून ठरविली गेली होती. दुसरे असे की, ग्राहक बाटली दुकानातच सोडून जात असल्याने वेष्टनाचा खर्च अनेक फेऱ्यांत विभागला जात होता. सोयीचा त्याग करणाऱ्यालाच स्वस्त दर मिळत होता. मात्र पाच रुपयांची ही किंमत फार काळ टिकली नाही. काही वर्षांतच ती वाढवावी लागली.

घरगुती वापराच्या दोन लिटरच्या बाटलीचा दर प्रति लिटर कमी असतो, हे खरे आहे. परंतु ती घेण्यासाठी एकरकमी पैसा व शीतकपाट लागते. बाटली एकदा उघडली की तिच्यातील वायू निघून जातो, म्हणून ती लवकर संपविणारे माणसांचे घरही लागते. यामुळे मोठ्या वेष्टनाची स्वस्ताई प्रामुख्याने सुस्थितीतील कुटुंबांच्याच वाट्याला येते.

थंडपणाचा खर्च :
वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह छापण्याचे बंधन १९९० पासून आहे. छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम घेणे किरकोळ विक्रेत्यास कायद्याने मना आहे. असे असूनही पेय थंड करण्याचे एक-दोन रुपये वेगळे मागितल्यावरून दुकानात वाद होतात. ग्राहकाची तक्रार कायदेशीरदृष्ट्या रास्तच असते. तथापि, २००० च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होते. अशा वेळी बर्फाची लादी दुकानदारालाच विकत आणावी लागे. छापील किंमत मुंबईत व अर्धापुरात एकच असली तरी ते पेय थंड ठेवण्याचा खर्च दोन्हीकडे सारखा नव्हता.

काचेकडून प्लास्टिककडे :
पुढे पेट बाटलीने काचेची जागा घेतली. अनामत, क्रेट व रिकाम्या बाटल्यांची वाहतूक यांतून विक्रेता बराचसा मोकळा झाला आणि ग्राहकाला बाटली सोबत नेता येऊ लागली. १ जुलै २०१७ पासून वायुयुक्त शीतपेयांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर व १२ टक्के उपकर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही मिळून ४० टक्क्यांचा एकच दर आहे. २०२३ मध्ये रिलायन्सने जुने कॅम्पा पुन्हा बाजारात आणले, तेव्हाही २०० मिलिलिटरला दहा रुपये अशी नाण्याला जुळणारी किंमतच निवडली. म्हणजेच प्रति मिलिलिटर पाच पैसे झाले. वीस वर्षांतील महागाई पाहता ही वाढ मोठी म्हणता येणार नाही.

परंतु या दरात एक खर्च धरलेला नाही. काचेची बाटली कारखान्यात परत जात असे. पेट बाटली मात्र गटारात, बांधावर वा रस्त्याच्या कडेला पडते. ती उचलण्याचे काम नगरपंचायतीच्या सफाई कामगाराकडे व भंगार वेचणाऱ्याकडे येते. महाराष्ट्र शासनाच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत अशा बाटल्यांच्या पुनर्खरेदीसाठी ठेवीची तरतूद करण्यात आली होती. काचेच्या बाटलीची जुनी अनामत पद्धत अशी कायद्यात परत आणावी लागली, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
शीतपेयाची किंमत केवळ द्रवाच्या मापावर ठरत नाही. ग्राहकाजवळचे नाणे, पेयाचा थंडपणा आणि बाटली दुकानाबाहेर नेण्याची मुभा हे घटक ती ठरवितात. २०२१ च्या दुरुस्तीने वेष्टनावर एकक विक्री किंमत छापण्याची तरतूद झाल्याने विविध आकारांची तुलना सुलभ झाली आहे. मात्र थंड करणाऱ्याचा व कचरा उचलणाऱ्याचा खर्च त्या आकड्यात दिसत नाही. परतीच्या बाटलीच्या काळात सोयीची किंमत ग्राहक स्वतः गैरसोय सोसून वाचवीत होता. आज ती सोय त्याला मिळते, पण तिच्या किमतीचा काही भाग गावाला द्यावा लागतो. किंमतनिश्चितीचा विचार करताना हा भाग हिशेबात धरणे आवश्यक आहे.