पाच सेकंदांमागचं करेक्शन

रेखांशाच्या इतिहासात एक आकडा तुम्हाला हमखास भेटतो. जॉन हॅरिसनचं एच-4 हे घड्याळ जमैकाच्या प्रवासात 81 दिवसांत फक्त 5.1 सेकंद चुकलं! मीही एका सेमिनारमध्ये हे ठोकून दिलं होतं. नंतर हिशेब नीट पाहिला आणि ओशाळले.

आधी घड्याळ कशाला लागतं ते बघू. पृथ्वी 4 मिनिटांत 1 अंश फिरते. ऑक्टंटने सूर्याची उंची मोजली की जहाजावरची स्थानिक वेळ काढता येते. त्याच क्षणी मूळ बंदरात किती वाजलेत हे कळलं, की फरकावरून रेखांश मिळतो. पण डुलत्या जहाजावर लंबकाचं घड्याळ काय कामाचं? म्हणून 1714 मध्ये ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला 20,000 पौंडांचं बक्षीस लावलं. अर्धा अंश म्हणजे 2 मिनिटं.

नोव्हेंबर 1761 मध्ये हॅरिसनचा मुलगा विल्यम एच-4 घेऊन निघाला. हे घड्याळ रोज साधारण 2.67 सेकंद मागे पडायचं. 81 ने गुणून बघा: साडेतीन मिनिटांच्या वर! ते करेक्शन लावल्यानंतर उरले ते 5.1 सेकंद. न लावता बक्षीस हुकलंच असतं.

करेक्शन लावणं गैर नाही. पण हा दर प्रवासाआधी रेखांश मंडळाकडे जाहीर केलेला नव्हता. शिवाय जमैकाचा रेखांशच तेव्हा पक्का माहीत नव्हता. मंडळाने निकाल मानला नाही. लोकप्रिय पुस्तकांत मंडळ, विशेषतः खगोलज्ञ मॅस्केलिन, खलनायक असतो. चंद्राच्या अंतरावरून रेखांश काढायच्या प्रतिस्पर्धी पद्धतीचा तो पुरस्कर्ता होता, हे खरंच. तरी ही शंका मला रास्त वाटते. माझ्या सेन्सरच्या ड्रिफ्टचं करेक्शन दाखवल्यावर गाइडनी एवढंच विचारलं होतं, “हा दर डेटा बघण्याआधी ठरवलास की नंतर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन महिन्यांची रीडिंग्ज पुन्हा घेतली.

1764 च्या बार्बाडोस चाचणीत दर आधीच सांगितला होता: रोज 1 सेकंद पुढे. तिथला रेखांश मॅस्केलिन आणि चार्ल्स ग्रीन यांनी गुरूच्या चंद्रांवरून काढला. या वेळी चूक निघाली 47 दिवसांत 39 सेकंदांची, म्हणजे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. 5.1 पेक्षा मला हा आकडा जास्त आवडतो.

तरीही मंडळाने अर्धी रक्कम अडवली. दुसऱ्या कुणाला असं घड्याळ बनवता येतं का, हे त्यांना बघायचं होतं. लार्कम केंडलने 1769 मध्ये हुबेहूब प्रत पूर्ण केली. कॅप्टन कुक 1772 मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा ती त्याच्या जहाजावर होती.