गिरणगांवांतील दोन निनांवी वक्त्या

इतिहाससंशोधकास निनांवी कागद नवा नाहीं. अक्षराचें वळण, मायना व मिति यांवरून लेखकाचा माग कसा काढावा, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्यांच्या हातीं लेखणीच नव्हती, त्यांच्यापुढें हीं साधनें थिटीं पडतात. मुंबईच्या लालबाग-परळ भागांतील गिरणीकामगार स्त्रियांचा इतिहास पाहूं जातां ही अडचण फार जाणवते. आणि ती नीट ध्यानीं येण्यास एका कादंबरीचें साह्य होतें.

हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलें व त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः छापली. कथा यमू स्वतःच्या तोंडानें सांगते. पुण्याच्या सनातनी घरांतून ती पतीबरोबर मुंबईस येते. तेथें तिला वाचनाची व मोकळ्या सहवासाची गोडी लागते. पतीच्या मृत्यूनंतर मात्र तिला परत नेऊन बळजबरीनें तिचें केशवपन केलें जातें. घराचा उंबरठा न ओलांडतां ती हद्दपार होते. दप्तराच्या कसोटीनें हें आत्मवृत्त बनावटच ठरेल, कारण सांगणारी स्त्री असून लिहिणारा पुरुष आहे. तरी तें खरें वाटलें, कारण त्या दुःखाचे साक्षीदार अनेक घरांतून होते.

त्याच सालीं मुंबईंत आणखी दोन गोष्टी घडल्या. ‘दीनबंधु’चे संपादक व गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें नाभिकांची सभा भरून विधवांचें केशवपन न करण्याचा निश्चय झाला. एप्रिल महिन्यांत साप्ताहिक सुटीच्या मागणीसाठीं सुमारें १०,००० कामगार जमले, व त्या सभेंत दोन कामगार स्त्रियांनीं भाषणें केलीं. रविवारची सुटी त्याच वर्षीं मिळाली. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामास दिवसाला ११ तासांची मर्यादा पडली.

या दोघी कोण? कामगार चळवळीच्या इतिहासांत त्यांचा निर्देश बहुधा ‘दोन स्त्रिया’ एवढाच येतो. गिरण्यांत बायका मुख्यत्वें वाइंडिंग व रीलिंग खात्यांत असत. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या या बायकांत विधवा व नवऱ्यानें टाकलेल्या पुष्कळ होत्या. कित्येक खाणावळी चालवून पोट भरीत. केशवपनाची चाल त्यांच्या जातींत बहुधा नव्हती. परंतु गांव सुटणें व आधार तुटणें त्यांच्याही वांट्यास आलें. कल्पित यमूस नांव मिळालें, शेंकडों पृष्ठें मिळालीं. खरोखर बोललेल्या दोघींस एक ओळ मिळाली.

पुढेंही वाणी व नांव यांची गांठ सहज पडली नाहीं. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालें, तेव्हां बाळूताई खरे, पुढील मालतीबाई बेडेकर, यांस ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनांवाचा आडोसा घ्यावा लागला. गिरणगांवापुरतें बोलावयाचें तर ही गांठ १९७० सालीं उषाताई डांगे यांच्या ‘पण ऐकतं कोण?’ या आत्मचरित्रांत पडली. उषाताई बालविधवा, त्यांनीं पुनर्विवाह केला व १९२८ सालीं स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनच्या द्वारें गिरणींतील बायकांत काम केलें. दोन्ही ग्रंथनामांतील साम्य मराठी कानास लागलीच जाणवतें. एकांत लक्ष देण्याची विनवणी आहे, दुसऱ्यांत ऐकून न घेतल्याची तक्रार. पहिल्यांत ‘मी’ उसना आहे, दुसऱ्यांत स्वतःचा. या दोहोंमध्यें ८० वर्षांचें अंतर आहे.

आम्ही सनदा व बखरी जपतों, तें योग्यच आहे. परंतु १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि लालबागच्या जुन्या चाळी पडून तेथें मनोरे उभे राहत आहेत. घर बदलतांना खाणावळीची वही, युनियनची पावती, सभेचें हस्तपत्रक, गांवाहून आलेलें पत्र हीं प्रथम रद्दींत जातात. संग्राहकांनीं तीं मागून घ्यावींत, व कोणाच्या घरचीं हें त्यांवर टिपून ठेवावें. १८९० च्या त्या सभेंत बोललेल्या दोघींचीं नांवें अशाच एखाद्या कागदावर असणें अशक्य नाहीं.