पीटीच्या सरांचं घराणं

आजची गोष्ट एका हरणाऱ्या कोचपासून सुरू होते.

जेम्स नेस्मिथ. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, या माणसाने पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि बास्केटबॉल जन्माला घातला. पुढे 1898 साली तो कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण बघायला गेला आणि तिथल्या संघाचा पहिला कोच झाला. त्याचा हिशोब बघा: 55 सामने जिंकले, 60 हरले. कॅन्ससच्या आजवरच्या कोचमध्ये जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला हा एकटाच, आणि तोच खेळाचा जनक! पण त्याच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन पुढे त्याच विद्यापीठाचा नामांकित कोच झाला. म्हणजे कोचचं प्रगतिपुस्तक स्कोअरबोर्डवर शोधायचं की त्याच्या पोरांमध्ये, हा वाद तेव्हापासूनचा आहे. माझं मत पोरांच्या बाजूने.

याच स्प्रिंगफिल्डमधून शिकलेला एक माणूस आपल्याकडे आला. हॅरी क्रो बक. 1919 मध्ये तो मद्रासला उतरला आणि 1920 मध्ये वायएमसीएच्या छत्राखाली त्याने शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. सुरुवात मोजक्या विद्यार्थ्यांवर. त्याला खेळाडू घडवायचे होतेच, पण त्याहून जास्त खेळ शिकवणारे मास्तर घडवायचे होते.

त्याची गरज काय होती, ते त्याच वर्षी दिसलं. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला आपला छोटासा संघ गेला होता. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, मॅरेथॉनमध्ये 19 वे आले. या संघामागे दोराबजी टाटा होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांनी अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली होती. पायात ताकद भरपूर, पण शास्त्रशुद्ध तयारी करून घेणारं कोणी नाही. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय ॲथलीट्सची जबाबदारी बककडे आली. पदक नाही मिळालं. पण नंतर हा माणूस प्रांताप्रांतात हिंडून ऑलिम्पिक संघटना उभ्या करायच्या कामाला लागला. 1927 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना झाली, अध्यक्ष दोराबजी टाटा. बक 1943 मध्ये वारला. त्याचं कॉलेज चेन्नईत आजही चालू आहे.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे आखाडे नव्हते का? होते की! अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं, म्हणजे बकच्याही आधीचं. त्यांचं पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. मुंबई प्रांतात खेर सरकारने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 1938 मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. एकीकडे शिट्टी नि स्टॉपवॉच, दुसरीकडे लाल माती नि मल्लखांब. आपला पीटीचा मास्तर या दोन्ही घराण्यांचा वारस आहे.

फक्त एक गंमत लक्षात ठेवा. हे सगळं घडत होतं तेव्हा आपलं बीड मुंबई प्रांतात नव्हतंच. निजामाच्या राज्यात होतं. कांदिवलीचं वारं इकडे यायला वेळ लागला. मराठवाडा विद्यापीठ झालं 1958 मध्ये, आणि गावोगावी कॉलेजं त्यानंतर. आपल्या कड्यासारख्या गावात आज अमोलक जैन संस्थेचं वरिष्ठ महाविद्यालय आहे, पण पुण्या-मुंबईच्या दोन पिढ्या मागून.

आणि तरी याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे! घर ते शाळा सहा किलोमीटर, वाहन नाही, म्हणून लहानपणापासून पायीच. बारावी झाली, महार रेजिमेंटमध्ये भरती, सियाचीनला पोस्टिंग. धावण्याकडे तो खऱ्या अर्थाने वळला लष्करात, आणि स्टीपलचेसकडे वळवलं तेही लष्कराचे कोच अमरीश कुमार यांनी. सप्टेंबर 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटं 29.80 सेकंदांत गोपाल सैनींचा 37 वर्षांचा विक्रम मोडला. पुढे बर्मिंगहॅमचं रौप्य, हांगझोऊचं सुवर्ण, ते तुम्हाला पाठ आहेच.

आपण मांडव्याच्या पायवाटेचं फार कौतुक करतो. पण पायवाटेने दम दिला. अडथळे आणि पाण्यावरून उडी मारायची ही शर्यत तुझी आहे, हे सांगायला जाणता माणूसच लागला. तो भेटला वयाच्या विशीनंतर, वर्दी चढवल्यावर. ज्यांची भरती हुकते त्यांना तो कुठे भेटणार? कॉलेजात भेटायला हवा. बकने शंभर वर्षांपूर्वी याचसाठी शाळा काढली होती.

कॉलेजात त्या माणसाच्या पदाचं नाव आहे शारीरिक शिक्षण संचालक. नाव भारदस्त, पण खात्यात बहुतेक वेळा तो एकटाच. चुन्याने मैदान तोच आखणार, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रवेशिका तोच भरणार, पोरांचे प्रवासखर्चाचे कागद तोच जोडणार, मुलीच्या वडिलांना फोन करून परगावी न्यायची परवानगी तोच काढणार. यातून उरलेल्या वेळात कोचिंग.

तोही असला तर. बरीच वर्षं थांबलेली कॉलेजातली भरती सरकारने नोव्हेंबर 2018 मध्ये थोडी मोकळी केली. साबळेचा विक्रम होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सहायक प्राध्यापकांची 3580 पदं. शारीरिक शिक्षण संचालकांची 139. अख्ख्या महाराष्ट्रात.

मी इंजिनिअरिंगला होतो तिथे बास्केटबॉलचं कोर्ट होतं. रिंगला जाळी नव्हती आणि तीन पॉइंटच्या रेषेवर बाइक लागायच्या. जागा होती, सिमेंट होतं, बॉलसुद्धा होता. संध्याकाळी शिट्टी घेऊन उभं राहणारं कोणी नव्हतं, म्हणून बाइक हलवा असं सांगणारंही कोणी नव्हतं.