कोंबड्यांची झुंज आणि ७७ काउंट्या : शिक्षा ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

१/ ५ नोव्हेंबर २००२. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या मतदारांनी थेट मतदानाने कोंबड्यांच्या झुंजीवर बंदी घातली. बंदीच्या बाजूने सुमारे ५६ टक्के मते पडली. मात्र राज्यातील ७७ काउंट्यांपैकी, म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागांपैकी, ५७ काउंट्यांचा कौल बंदीच्या विरोधात होता. माणसे मोजली तर बंदी जिंकली. प्रदेश मोजले तर हरली. या विसंगतीतून उद्भवलेल्या वादाचा हा इतिहास.

२/ थोडे मागे जाऊ. पशूंच्या झुंजी लावण्यास मनाई करणारा कायदा ओक्लाहोमात पूर्वीपासून होता. पण १९६३ मध्ये राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने म्हटले की, त्या कायद्यातील ‘पशू’ या शब्दात कोंबडा येतो की नाही, हे सामान्य माणसाला स्पष्ट कळत नाही. आणि अस्पष्ट कायद्याखाली कोणाला शिक्षा देता येत नाही. एका शब्दाच्या अर्थामुळे पुढील जवळजवळ चाळीस वर्षे झुंजी उघडपणे होत राहिल्या. ग्रामीण भागात झुंजीचे कोंबडे पैदा करणे आणि विकणे हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय बनला.

३/ या झुंजीत कोंबड्याच्या पायाला पोलादी आर किंवा धारदार पाते बांधतात. लढत बहुधा एका पक्ष्याच्या मृत्यूनेच संपते. २००२ च्या कायद्याने झुंज लावणे, त्यासाठी जागा देणे, झुंजीसाठी कोंबडा बाळगणे हे सारे गंभीर गुन्हे ठरवले. शिक्षा : १ ते १० वर्षे कारावास, २,००० ते २५,००० डॉलर दंड, किंवा दोन्ही. प्रेक्षक म्हणून हजर राहणे हा मात्र सौम्य गुन्हा मानला गेला.

४/ त्याच दिवशी मतदारांपुढे आणखी एक प्रस्ताव होता. प्राण्यांविषयीचा प्रश्न जनमतासाठी मांडायचा असेल, तर लागणाऱ्या स्वाक्षऱ्यांचे प्रमाण ८ वरून १५ टक्के करावे, असा. शहरांतील मतदारांनी गावांची रीत मोडू नये, म्हणून उभारलेला हा बांध होता. तो प्रस्ताव फेटाळला गेला.

५/ मतदान संपले, संघर्ष संपला नाही. अनेक काउंट्यांतील न्यायाधीशांनी नव्या कायद्याच्या अंमलबजावणीस तात्पुरती स्थगिती दिली. म्हणजे काही काळ एकाच राज्यात एकच कृत्य कुठे गुन्हा होते, तर कुठे नव्हते. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि ही स्थिती संपली.

६/ २००५ मध्ये फ्रँक शर्डन या राज्य सिनेटरांनी एक तोडगा सुचवला : कोंबड्यांच्या पायांना इवलेसे मुष्टियुद्धाचे हातमोजे घालावेत आणि फटका मोजणारे इलेक्ट्रॉनिक जाकीट चढवावे, म्हणजे रक्त न सांडता झुंज होईल. देशभर हशा पिकला, प्रस्ताव बारगळला.

७/ २०२३ मध्ये मात्र गंभीर प्रस्ताव आला : काउंटीतील मतदारांनी कौल दिल्यास त्या काउंटीपुरती ही शिक्षा सौम्य करता यावी. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. पेल्याने दारू विकू द्यायची की नाही, हे प्रत्येक काउंटीने ठरवावे, असा कौल ओक्लाहोमाने १९८४ मध्येच दिला होता. हे विधेयक कायदा होऊ शकले नाही.

८/ पण दारूचा परवाना आणि फौजदारी शिक्षा यांची तुलना होते का? समर्थक म्हणत, दहा वर्षांचा कारावास अवाजवी आहे आणि शहरांच्या मतांनी गावे गुन्हेगार ठरली. विरोधक म्हणत, सीमेच्या अलीकडे तुरुंग आणि पलीकडे किरकोळ दंड असेल, तर झुंजी पलीकडे सरकतील एवढेच. कोंबड्याच्या वेदनेला सीमा नसते. शिवाय संघराज्याचा स्वतंत्र कायदा होताच. २००८ पासून त्याखाली ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि तो काउंटीच्या मताने बदलत नाही.

९/ हा पेच भारतालाही परका नाही. आपल्या राज्यघटनेत प्राणिक्रौर्य-प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे. केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. याच आधारे महाराष्ट्राने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. शर्यत म्हणजे झुंज नव्हे. प्राण्यांना झुंजवणे १९६० च्या केंद्रीय कायद्याने गुन्हाच आहे. पण पहिल्या अपराधाला दंड किती? १० ते ५० रुपये!

१०/ ओक्लाहोमात शिक्षा कठोर, पण ५७ काउंट्यांची संमती नाही. आपल्याकडे बंदी देशभर, पण शिक्षा नाममात्र. कायद्याचे बळ कलमातील आकड्यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते गावाने तो आपला मानण्यावरही असते. तरीही ज्याच्या रक्षणासाठी कायदा होतो, त्या मुक्या जिवाला कोणत्याच काउंटीत मत नसते. म्हणूनच त्याच्या रक्षणाचा निर्णय केवळ स्थानिक मतमोजणीवर सोपवणे धोक्याचे ठरते.